तीस किलोंचा जोर

शनिवारच्या बाजारात बटाट्यांच्या ठेल्यापाशी वीब्केच्या हातून एक बटाटा निसटला आणि तो उचलायला ती वाकली. झालं ते एवढंच. हिन्नर्क तेव्हा मासेवालीच्या रांगेत उभा होता, पुढे तीन माणसं, हातात रिकामी पिशवी. बटाटा वीब्केला लगेच सापडला, पण उठता काही येईना. एक गुडघा फरशीला टेकलेला, दुसरा अर्धवट, आणि हात हवेत कशाचा तरी आधार शोधतोय. त्या हाताला ठेल्याच्या छपराची दांडी लागली. तिने सगळा भार दांडीवर टाकला, दांडी खटकन हलली, ताडपत्रीत साचलेलं पाणी भसकन ठेलेवाल्याच्या मानेवर आलं, आणि ती उठली. ठेलेवाल्याने तोंडाचा पट्टा सुरू केला, वीब्के हसली, आजूबाजूचेही हसले. हिन्नर्क मात्र हसला नाही. ती दांडी तिला हिसडा देऊन पुढे आली होती, तिच्या छातीच्या दिशेने, आणि त्या क्षणी त्याच्या डोळ्यांपुढे दांडी नव्हतीच. करड्या ग्रॅनाइटचा, पाऊण मीटर उंचीचा, अठराव्या ओळीतला एक दगड होता. तो रांगेतून बाहेर पडला. मागच्या बाईने लगेच त्याची जागा घेतली.

वीब्के एकेकाळी त्याची बायको होती. लग्न बारा वर्षं टिकलं, आणि ते मोडून आता तेवीस वर्षं होत आली. भांडण असं काही नव्हतं. नऊ वर्षांची मुलगी तीन दिवसांच्या मेंदूज्वरात गेली, त्यानंतर एकाला सतत तिच्याबद्दल बोलायचं होतं आणि दुसऱ्याला तिचं नावही ऐकवत नव्हतं, आणि दोन खोल्यांच्या घरात ही दोन माणसं मावेनात. स्वान्त्ये हे ते नाव. वीब्के अजून ते सहज घेते, कालच शाळेतून आल्यासारखं.

"काय दगडवाले," वीब्के म्हणाली, "आज मासळी नाही?"

"गुडघे कधीपासून असे?"

"दोन वर्षांनी भेटतोस आणि थेट गुडघ्यांनाच हात घालतोस. डावा गेल्या हिवाळ्यात गेला. उजवा त्याला सोबत करायला निघालाय."

"मग तिकडे खाली कशी बसतेस? म्हणजे... रोपं लावायला."

"बसायला काय लागतं? माणूस आपोआप बसतं. अवघड ते उठणं. पण तिथे बरं आहे, दगडाला धरते आणि उठते. लेक हात देते मला." तिने पायापाशी ठेवलेला खोका पायानेच पुढे सारला. पॅन्सीची रोपं, जांभळी आणि पिवळी. "आत्ता तिकडेच चाललेय. आणि दगडाची मला काळजी नाही. घरचाच माणूस दरवर्षी तपासतो म्हटल्यावर."

ती हे कौतुकाने म्हणाली, टोमणा नव्हता, आणि तेच वाईट. आता सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. हिन्नर्क खाली वाकला, खोका उचलला आणि म्हणाला, "मी येतो. रोपं घेतो मी." वीब्केने त्याच्याकडे असं पाहिलं, की आता हा माणूस बरा आहे ना म्हणून कपाळाला हात लावून बघेल. तेवीस वर्षांत तो एकदाही तिच्याबरोबर तिकडे गेला नव्हता.

बस जवळजवळ रिकामी होती. खोका मांडीवर घेऊन तो खिडकीपाशी बसला, ती समोर, आणि त्याने मनाशी ठरवलं की पुलाआधी सांगायचं. काय सांगायचं ते साधं होतं. थंडी सरली की त्यांच्या ल्युबेक शहरातले कबरींचे दगड ढिले होतात. दगडाखालच्या पायात पाणी शिरतं, गोठतं, फुगतं, मग वितळून जातं, आणि जिथे ते फुगलं होतं तिथे पोकळी राहते. म्हणून दर मार्चमध्ये प्रत्येक दगड ढकलून बघायचा असा नियम आहे. वरच्या कडेला तीस किलोंचा जोर, आधी मागे, मग पुढे. हलला तर त्यावर पिवळी पट्टी चिकटवायची, घरच्यांना पत्र जातं. हिन्नर्क ज्या कंत्राटदाराकडे काम करतो त्याच्याकडे सहा दफनभूम्या आहेत. हिन्नर्क ढकलतो आणि त्याची जोडीदार गेसा लिहिते. एकोणीस वर्षं त्याचे तळहात हेच करत आलेत. आता त्याला जोर मोजायच्या काट्याकडे बघावंही लागत नाही, तीस किलो म्हणजे किती ते खांद्याला कळतं. तरीही काटा लावायचा, कारण तसं लिहिलंय. तर तो काटा हातात धरून तो दरवर्षी अठराव्या ओळीत येतो, तिसऱ्या दगडाच्या, लेकीच्या दगडाच्या, कडेला टेकवतो, टेकवतो फक्त, अंगठ्याएवढाही जोर लावत नाही, आणि मान न वळवता म्हणतो, "घट्ट." गेसा लिहिते: घट्ट. मग चौथा दगड. एकोणीस वेळा. पहिल्या वर्षी त्याने स्वतःला सांगितलं होतं, आज नको, आज हात थरथरतोय, पुढच्या वर्षी बघू.

पूल गेला. नदीवर राखी पाणी होतं आणि बंदराकडे एकच बोट. वीब्के काहीतरी सांगत होती, तिच्या जुन्या कामाबद्दल. ती चाळीस वर्षं दातांच्या कवळ्या करायची. "काल एक गृहस्थ भेटले. म्हणाले, बाई, तुमची कवळी अजून घालतो. बत्तीस वर्षं झाली. त्यांचं लग्न नाही टिकलं तेवढं." ती हसली. "माणसाचं सगळं जातं बघ, दात राहतात. मी गेल्यावर माझंच काम मागे उरेल सगळ्यात जास्त. तुमच्या दगडांपेक्षा."

"असेल," हिन्नर्क म्हणाला.

"असेल काय, आहेच. तुझे वडील चिडायचे असं म्हटलं की."

वडील. ते मध्ये आल्यावर ते एक वाक्य आणखीच मागे गेलं. म्हातारा पाथरवट होता, जन्मभर त्याने लोकांची नावं कोरली. माणसाचं नाव सहा मिलिमीटर खोल असतं, असं तो म्हणायचा, त्याहून उथळ कोरलं तर ते नाव नव्हे, ओरखडा. हिन्नर्क लहान असताना तो त्याला मोठ्या चर्चमध्ये घेऊन जायचा, देवासाठी नव्हे, फरशीसाठी. फरशीत जुन्या व्यापाऱ्यांचे दगड बसवले आहेत, पुरुषभर लांब, ज्यांची जहाजं मीठ घेऊन निघायची तेव्हा उत्तरेकडच्या राजांना वाट बघत बसावं लागायचं असे ते लोक. त्यांच्यावरून पाचशे वर्षं माणसं चाललीत. काही दगडांवर ढालीची एक रेघ उरलीय, काहींवर तीही नाही. "हा कोण होता?" हिन्नर्कने विचारलं होतं. म्हातारा बुटाच्या टाचेने दगड चाचपत म्हणाला होता, "श्रीमंत होता. चांगला दगड घेतलाय." पोराला तेव्हा भीती वाटली होती, आपण कुणाच्या तरी तोंडावर उभे आहोत अशी, आणि ती भीती त्याने कुणाला सांगितली नाही. शाळेची सहल नदीच्या खालच्या अंगाला गेली तेव्हाही तेच झालं. शहराच्याही आधी तिथे एक शहर होतं, तट होता, राजा होता, चर्च होतं. आता गवताचा उंचवटा. मुलं त्यावरून घरंगळत खाली गेली, सँडविच खाल्ले, परत आली. हिन्नर्क घरंगळला नाही. त्याला पोटदुखी झाली म्हणून मास्तरांनी बसमध्ये बसवलं.

आणि हाच म्हातारा, नावांचा एवढा अभिमान असलेला, मरताना म्हणाला की मला दगड नको, मला हिरवळीखाली घाला, नाव नको, खूण नको. तशी सोय आहे इकडे, बरेच लोक घेतात. हिन्नर्कने विचारलं, का? म्हातारा म्हणाला, "खूप कोरली. आता पुरे." तो कुठे आहे ते हिन्नर्कला अदमासाने माहीत आहे, तीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद गवताच्या तुकड्यात कुठेतरी.

"ऑक्टोबरच्या मुदतीचं पत्र आलं का तुला?" वीब्केने विचारलं.

"आलं."

येत्या ऑक्टोबरमध्ये पंचवीस वर्षं भरत होती. कबर इथे कायमची नसते, मुदतीवर असते. मुदत भरली की वाढवायची, नाहीतर दगड काढून जमीन सपाट करतात आणि पुढे दुसऱ्या कुणाला देतात. त्या दगडांचं काय होतं ते हिन्नर्कने पाहिलंय. ट्रक भरून गिरणीत जातात, त्यांची खडी होते, आणि नव्या वळणरस्त्याच्या पायात गेलीय त्यातली पुष्कळशी. तो रस्ता तो टाळतो, कामावर जायला पंधरा मिनिटं जास्त लागतात तरी.

"मी नाही वाढवणार," वीब्के म्हणाली.

त्याने चमकून पाहिलं. "का?"

"का म्हणजे? मी अडुसष्ट, तू त्रेसष्ट. माझे हे असे पाय. अजून वीस वर्षांनी तिथे येणार कोण? मग ते लोक पाटी लावतात ना, घरच्यांनी संपर्क साधावा. मला तिच्यावर तसली पाटी नकोय. आपण आहोत तोवर आपणच आवरून घ्यावं." हे ती इतक्या शांतपणे म्हणाली की तिने ते बऱ्याच रात्री घोळवलंय हे उघड होतं. "तुला वाईट वाटलं."

"नाही."

"हिन्नर्क, तुला वाईट वाटलं तर म्हण की वाईट वाटलं. जीभ झिजत नाही."

वाईट नव्हतं वाटलं. त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि त्याचीच शरम वाटत होती. ऑक्टोबरमध्ये दगड निघाला असता आणि मग कुणाला कधीच काही कळलं नसतं. सात महिने. सात महिन्यांत शनिवार किती येतात हे तो मोजू लागला आणि तिसापाशी थांबला. तीस वेळा ती त्या दगडाला धरून उठणार. सत्तर किलोंचं माणूस, आणि ओढ पुढच्या बाजूला, अंगावर. ग्रॅनाइटचे ते ऐंशी किलो खाली यायला एक सेकंदही लागत नाही. त्याने असा एक पाय पाहिलाय, दुसऱ्या एका गावात, नवऱ्याच्या दगडाखाली सापडलेल्या बाईचा. आज तो बरोबर आहे, आज तो हात देईल. पण पुढच्या शनिवारी? सांगायलाच हवं. उतरल्यावर सांगू.

उतरल्यावर त्याने सांगितलं नाही. फाटकापाशी झाऱ्या साखळीला लटकवलेल्या असतात, त्यातली एक त्याने सोडवली, भरली, एका हातात झारी आणि दुसऱ्या बगलेत खोका घेऊन तो तिच्यामागून चालू लागला. दोन्ही बाजूंना त्याचे दगड. कुठला कसा आहे ते त्याला तोंडपाठ. हा डावीकडे कलतो पण पक्का आहे. याची खुंटी गंजलीय, पुढच्या वर्षी पिवळी पट्टी. वीब्के हळू चालत होती, काठी नव्हती, आणली असती तर बरं झालं असतं असं ती दोनदा म्हणाली. हवा गार होती पण ऊन होतं, आणि कुणीतरी लांब पाला ओढत होतं. हिन्नर्कच्या काखेत घाम आला होता.

मूळ गोष्ट खुंटीची होती. दगड पायावर नुसता ठेवत नाहीत. पायात आणि दगडात भोक पाडून मध्ये स्टीलची खुंटी घालतात, मग चुना-सिमेंट. स्वान्त्येचा दगड म्हाताऱ्याने स्वतः कोरला आणि स्वतः बसवला. चौऱ्याहत्तर वर्षांचा होता, दुसऱ्या कुणाला त्याने हातही लावू दिला नाही. हिन्नर्क त्या दिवशी गाडीत बसून होता, इंजिन चालू, काचा वर. तेव्हा तो बंदरात क्रेन चालवायचा, दगडांतलं त्याला काही कळत नव्हतं. पुढे सहा वर्षांनी हे काम धरलं, शिकला, आणि एका सकाळी दुसऱ्याच कुणाच्या दगडापाशी गिरमिटाचा आवाज ऐकताना त्याच्या लक्षात आलं की त्या दिवशी तसा आवाज आलाच नव्हता. काचा वर होत्या हे खरं. पण गिरमिटाचा आवाज काचेतून येतो. म्हाताऱ्याने, जो दुसऱ्यांच्या खुंट्यांवरून आरडाओरडा करायचा, त्याने नातीच्या दगडाला खुंटी घातली नव्हती. किंवा घातली होती. ढकललं की कळलं असतं. त्याने ढकललं नाही. ढकलला आणि हलला, तर म्हाताऱ्याचा हात चुकला असं लिहावं लागलं असतं, आणि म्हातारा तेव्हा जिवंत होता. पुढे तो गेला, तरी हिन्नर्कने ढकललं नाही. मग कारण म्हातारा नव्हताच, हे त्याला आता, झारीचं पाणी बुटावर सांडत असताना, स्पष्ट कळलं. कारण जुनं होतं. दुसरी पाळी संपवून तो रात्री घरी आला होता, वीब्के म्हणाली होती, पोरगी कढत वाटते, जरा बघ. तो दारात उभा राहिला होता. पोरगी झोपली होती, तोंड भिंतीकडे. आपले हात गार आहेत, लावले तर जागी होईल, असं त्याला वाटलं. झोपू दे, उद्या बघू, तो म्हणाला होता. खरं म्हणजे तो दमला होता. खरं म्हणजे लावून बघितलं तर काहीतरी करावं लागलं असतं. डॉक्टर पुढे म्हणाले होते की त्याने काही फरक पडला नसता, आणि ते त्याच्यावर दया करत होते की खरं बोलत होते हे त्याने पंचवीस वर्षं रोज स्वतःला विचारलंय. दीड लाख दगड त्याने ढकलले त्यानंतर. रोजच्या रोज, हात लावून, खात्री करून. एक सोडून.

"पोचलो," वीब्के म्हणाली.

दगड लहान होता, लहान मुलांचे असतात तसा. वरच्या कडेला दगडफूल धरलं होतं, फक्त मधोमध एक हातभर जागा स्वच्छ, गुळगुळीत. ती जागा कशाने गुळगुळीत झाली ते हिन्नर्कला कळलं. वीब्के त्या जागेला धरूनच खाली बसली. दगड हलला का? त्याला वाटलं हलला. त्याला वाटलं नाही हलला. ती गुडघ्यांवर आली, खुरपं काढलं, थंडीसाठी अंथरलेल्या पाईनच्या फांद्या बाजूला केल्या आणि कामाला लागली. "दे एकेक," ती म्हणाली. तो एकेक रोप देत राहिला. तिची बोटं पटापट चालत होती, जन्मभर बारीक काम केलेली. बोलत होती ती, स्वान्त्येशी की त्याच्याशी ते कळत नव्हतं, की ही जांभळी यंदा लहान आलीत, की बापाने आज मासळी सोडलीय तुझ्यासाठी. हिन्नर्कचं लक्ष दगडाच्या पायथ्याशी होतं. तिथे एक काळी रेघ होती, केसाएवढी. मुंगी त्या रेघेत शिरली आणि बाहेर आली नाही.

अर्धी रोपं लागली. ती थांबली. "जरा पाय मोकळे करते," असं म्हणून तिने खुरपं टाकलं. हिन्नर्क पुढे झाला, हात पुढे केला. "धर."

"नको रे. तुझी पाठ मला माहीत आहे. दोघंही आडवे होऊ." आणि तिचा हात सवयीने वर गेला, त्या गुळगुळीत जागेकडे.

"हात लावू नकोस त्याला."

तो ओरडला होता. पाला ओढणाऱ्याचा आवाज थांबला. वीब्केचा हात हवेत राहिला.

"मी तो कधी ढकलला नाही," हिन्नर्क म्हणाला. "एकदाही नाही. मी नुसता काटा टेकवतो आणि घट्ट म्हणतो. वडिलांनी खुंटी घातली की नाही मला माहीत नाही. बहुतेक नाही घातली. मी एकोणीस वर्षं खोटं लिहवून घेतोय."

तिने हात खाली घेतला. तोंडावरचं ऊन बाजूला व्हावं म्हणून ती जरा सरकली आणि त्याच्याकडे बघत राहिली. रागावायला तिला जरा वेळ लागला.

"मी दर शनिवारी धरते त्याला," ती म्हणाली.

"आज कळलं मला. बाजारात."

"आज कळलं. आणि बाजारात नाही बोललास. बसमध्ये नाही बोललास. मी इथे गुडघ्यांवर बसले, तोंड त्याच्यासमोर, तेव्हाही तू रोपं देत राहिलास." तिचा आवाज चढला नाही, खाली गेला. "तुला माहीत आहे मला काय वाटायचं? मला वाटायचं, याला बोलता येत नाही, रडता येत नाही, निदान वर्षातून एकदा हा येऊन तिला हात लावून जातो. तेवढ्यावर मी तुला माफ केलं होतं. तेवढ्यावर, हिन्नर्क."

हिन्नर्कने पुढे केलेला हात मागे घेतला.

"ढकल," ती म्हणाली.

"मंगळवारी गेसा येईल, काटा असेल, दोन माणसं असली की..."

"उद्या बघू म्हण की सरळ. ढकल आत्ता."

"तू बाजूला हो आधी." तिला उठता येईना, म्हणून ती बसल्या बसल्या, हात टेकत, ओल्या गवतावरून हातभर सरकली. तो दगडासमोर आला, गुडघे वाकवले आणि दोन्ही हात वरच्या कडेला, त्या गुळगुळीत जागेवर ठेवले. दगड गार होता. त्याने नेहमीसारखा आधी मागे जोर दिला. दहा किलो. पंधरा. खांदा मोजत होता. दगड उभा. वीस, पंचवीस, तीस. दगड उभा. त्याला रडू यायला लागलं, खुंटी आहे, म्हातारा चुकला नाही. मग त्याने पुढे ओढलं, वीब्के ओढायची तसं, आणि दहा किलोंनाच खालून आवाज आला, साखरेवर पाय पडावा तसा बारीक, आणि दगड सुटला.

तो अंगावर आला. ओरडायला वेळ नव्हता, हिन्नर्कने त्याला कवेतच घेतला, कोरलेली बाजू थेट छातीवर, हनुवटी वरच्या कडेवर, आणि पाठीतून कळ टाळूपर्यंत गेली. ऐंशी किलो. सोडला असता तर बाजूला उडी मारता आली असती, पण बाजूला वीब्के होती. "सरक," तो म्हणाला, दातांतून. ती सरकली नाही. गुडघ्यांवर रांगत आली आणि दगडाच्या बुडाला दोन्ही हात घातले. "सोड, बोटं जातील," तो म्हणाला. "गप्प बस. डावीकडे घे, रोपं आहेत," ती म्हणाली. त्याने डावीकडे घेतला. ती खालून, तो वरून, नुसते श्वास, आणि त्यांनी तो दगड इंच-इंच वळवला, तिरका केला, एक कोपरा गवतात टेकवला, दुसरा टेकवला आणि उताणा केला. झोपलेल्या पोराला खांद्यावरून गादीवर ठेवताना जी काळजी घेतात तीच. मग हिन्नर्क मातीतच बसला.

पालावाला लांबून बघत होता, मग पुन्हा ओढायला लागला. हिन्नर्क रडत होता. पंचवीस वर्षांत प्रथम, आणि ते त्याला नीट येत नव्हतं, उचकी लागल्यासारखं होत होतं. कोटावर पुढच्या बाजूला हिरवट डाग पडला होता. वीब्केने त्याच्या पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. ती आपली बोटं एकेक करून वाकवून बघत होती, आणि एका बोटाचं नख काळं पडत होतं.

"हे बघ," ती मग म्हणाली.

दगड जिथे उभा होता तिथे पाया उघडा पडला होता. भोक नव्हतं, खुंटी नव्हती. नुसता चुना-सिमेंटचा थर, आणि त्यात चार बोटांचे खड्डे, जवळजवळ, खोल. म्हाताऱ्याने तो थर थापीने लावला नव्हता. ओल्या सिमेंटात त्याने हात दाबला होता, आणि मग उचलायचा विसरला असावा, कारण ठसा इतका स्पष्ट होता की तर्जनीवरचा जुना व्रणही त्यात उठला होता. मग त्यावरच दगड ठेवून दिला. म्हाताऱ्याला जगभरच्या खुंट्या आठवत होत्या, आणि त्या दिवशी तो एवढंच करू शकला होता. काचेआड इंजिनाच्या आवाजात बसलेल्या हिन्नर्कला वाटत आलं होतं की रडायला येत नाही असे त्या घरात आपण एकटेच आहोत.

वीब्केने आपली बोटं त्या खड्ड्यांत घालून पाहिली. सैल झाली. "तू घाल."

हिन्नर्कने घातली. त्याचीही बसली नाहीत, म्हाताऱ्याची बोटं जाड होती. खड्ड्यांत गार पाणी होतं, त्याने हात तसाच राहू दिला.

"मंगळवारी गेसाला सांगेन," तो म्हणाला. "सगळं. कामावरून काढतील बहुतेक."

"काढू देत." तिने नाक पुसलं. "हा उभा करायचा नाही आता. राहू दे असाच ऑक्टोबरपर्यंत, ऊन खात." ती आडव्या दगडावरच्या नावाकडे बघत होती. अक्षरांत माती गेली होती, तिने ती नखाने काढायला सुरुवात केली, पहिल्या अक्षरापासून. हिन्नर्कने खोका ओढून घेतला. रोपं उरली होती. पायाच्या कडेची माती मऊ होती, इतकी वर्षं झाकलेली, तिथे त्याने खुरप्याने खड्डा केला. रोप कसं धरतात ते त्याला येत नव्हतं, मुळाची माती सुटली.

"बुडाला धर, मानेला नको," वीब्के म्हणाली. मग विचारलं, "बस किती वाजता?"

"आता पाच मिनिटांत एक आहे. ती चुकली तर पाऊण तासाने."

"चुकू दे," ती म्हणाली, आणि त्याने पुढचं रोप घेतलं.